मागतील तेव्हा देऊ, असं मे महिन्यात चालत नाही

मार्च संपत आला की दवाखान्यातल्या तक्रारी बदलतात. सर्दी-खोकला मागे पडतो आणि ‘ऊन लागलं वाटतं’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर येतं. विदर्भातल्या डॉक्टरला नवतपा काय असतो हे कुणी सांगावं लागत नाही. 25 मेच्या सुमाराचे ते नऊ दिवस जवळ आले की वॉर्डात जादा खाटा लावायची तयारी आम्ही आधीच करून ठेवतो. या वेळी आलेल्या पत्रांतली बहुतेक पत्रं लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेलीच नाहीत. कुणाला आईची काळजी आहे, कुणाला अंथरुणावरच्या वडिलांची, कुणाला कामावरच्या माणसांची. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देते.

प्रश्न : आई 78 वर्षांची आहे, वर्ध्याला राहते. दिवसभर सोबतीला एक मावशी असतात. मी पुण्यात. रोज फोनवर विचारते, ‘पाणी प्यायलीस का?’ ती ‘हो’ म्हणते. बीपीची गोळी चालू आहे. कूलर लावला की ‘अंग धरतं’ म्हणून बंद करायला लावते. गेल्या आठवड्यात दोनदा तिचा तोल गेला. इतक्या लांबून मी काय करू?

उत्तर : तोल गेल्याचं तुम्ही शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. उद्याच मावशींना सांगून आईला जवळच्या डॉक्टरांकडे पाठवा. बीपी आडवं झोपवून एकदा आणि उभं करून एकदा, असं दोनदा मोजायला सांगा. सोबत रक्तातलं सोडियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) तपासून घ्या. बीपीच्या पुष्कळ गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. गोळीच्या नावाच्या शेवटी बऱ्याचदा ‘एच’ हे अक्षर दिसतं, ते त्याचंच. हिवाळ्यात बरोबर बसलेला डोस मे महिन्यात जास्त होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. ‘उन्हाळ्यापुरता डोस कमी करायचा का?’ एवढं डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारला तर कोणताही डॉक्टर रागावत नाही.

आता त्या ‘हो’विषयी. आई खोटं बोलत नाही. वय वाढतं तशी तहानेची जाणीवच मंदावते. शरीरात पाणी कमी पडलेलं असतं, पण तहान म्हणून ते जाणवत नाही. घामही पूर्वीसारखा सुटत नाही, त्यामुळे अंग तापलेलं बाहेरून कळत नाही. ‘तहान लागली की मागेल’ हे तरुण माणसाच्या बाबतीत ठीक आहे, तुमच्या आईच्या बाबतीत नाही.

काही वर्षांपूर्वी एका घरी आजींना तपासायला गेले होते. उशाशी स्टुलावर पाण्याचा पेला, वर स्टीलची ताटली. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी ताटली उचलली तर पाणी काठोकाठ. सून म्हणाली, ‘रोज सकाळी न चुकता भरून ठेवते, डॉक्टर.’ ते अगदी खरं होतं. आजींच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, जीभ कोरडी खरखरीत झाली होती. सून चहा करायला आत गेल्यावर आजी हळूच म्हणाल्या, ‘प्यायलं की रात्री उठावं लागतं बाई, अन् संडास मागच्या अंगणात.’ आजींचा सगळा आजार त्या एका वाक्यात होता. त्या घराला मी औषधाच्या आधी पलंगाजवळ ठेवायची कमोडची खुर्ची लिहून दिली आणि रात्रीसाठी एक झिरोचा दिवा.

म्हणून आधी आई पाणी का टाळते ते शोधा. रात्री उठायची भीती असेल तर पाण्याचा भर सकाळकडे घ्या. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर दीड तासाने साधारण 150 मिली, म्हणजे अर्ध्या पेल्याहून थोडं जास्त, आणि सातनंतर फक्त घोटभर. दात दुखत असतील, कवळी टोचत असेल, तर माठातलं पाणीही झोंबतं. मग साधं द्या. दर वेळी पाणीच हवं असंही नाही. ताक, पन्हं, पातळ वरण, आंबील, टरबुजाच्या फोडी, हे सगळं धरायचं. मावशींना ‘पाणी देत जा’ असं मोघम सांगू नका. ‘हातात पेला द्या, रिकामा झाला की मगच उठा’ असं सांगा. आईला हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल, तर ते माप उन्हाळ्यासाठी पुन्हा ठरवून घ्या.

मीठ अजिबात बंद करून नुसतं पाणी पाजत राहणं हीसुद्धा एक चूक आहे. लघवीची गोळी, अळणी जेवण आणि भरपूर पाणी एकत्र आलं की सोडियम खाली जातं, माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं. डॉक्टरांनी बजावून बंद केलेलं नसेल तर जेवणातलं नेहमीचं मीठ चालू ठेवा.

फोनवरचा प्रश्नही बदला. आईला ‘प्यायलीस का’ विचारण्याऐवजी मावशींना विचारा, ‘आज लघवीला किती वेळा गेल्या, रंग कसा होता?’ दुपारपर्यंत एकदाच आणि गडद पिवळी झाली असेल तर पाणी कमी पडतंय. रोज एक व्हिडिओ कॉल करा आणि तिच्याशी नेहमीच्या गप्पा मारा. नातवाचं नाव चुकलं, उत्तर द्यायला उशीर लागला, गप्प गप्प वाटली, तर ते सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला ऊन बाधलं तर आधी त्याचं वागणं बदलतं, अंग नंतर तापतं.

कूलरची हवा थेट अंगावर येते म्हणून अंग धरतं. त्याचं तोंड भिंतीकडे किंवा छताकडे वळवा, किंवा शेजारच्या खोलीत लावून मधलं दार उघडं ठेवा.

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. अंगावरच दूध पितं. सासूबाई म्हणतात, एवढ्या उन्हाळ्यात त्याचा घसा सुकत असेल, दोन चमचे पाणी किंवा गुळाचं पाणी दे. काय करू?

उत्तर : सासूबाईंच्या मनातली काळजी बरोबर आहे, उपाय मात्र चुकीचा. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरून थेंबभर पाणी लागत नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. पाण्याने त्याचं पोट भरतं आणि दूध कमी जातं. पाण्यातून जुलाब लागले तर उन्हाळ्यात चार महिन्यांच्या बाळाला ते फार जड जातात. सासूबाईंना म्हणा, ‘तो पेला बाळाऐवजी मला द्या.’ तुम्ही प्या आणि बाळाला जास्त वेळा पाजा. उन्हाळ्यात बाळ वरचेवर, थोडं थोडं पितं. दूध कमी पडतंय असा त्याचा अर्थ नाही.

दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर निश्चिंत राहा. टाळू खोल गेलेली दिसली, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, बाळ पाजायला उठवूनही उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक गोष्ट मात्र मला दर उन्हाळ्यात दिसते. बाळाला झोळीत घालतात आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून ओढणी टाकतात. आत वारा अजिबात लागत नाही. मानेच्या मागे हात लावून बघा, घामाने चिंब असतं. जाळीची मच्छरदाणी वापरा, अंगात एकच सुती झबलं ठेवा, टोपडं काढून टाका. आणि बाळाला किंवा मोठ्या मुलालाही बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ म्हणून ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आतली हवा दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते.

प्रश्न : वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, ते अंथरुणावरच असतात. आमचं घर पत्र्याचं आहे. पंखा लावला तरी गरम हवाच येते. कूलर आहे, पण खोलीत चिकचिक होते. दुपारी लाईट जाते. एसी परवडत नाही.

उत्तर : एसी न घेता बरंच करता येतं, पण सुरुवात छतापासून करावी लागेल. पत्रा दिवसभर तापतो आणि तीच धग आत सोडत राहतो. पत्र्यावर चुन्याचा जाड पांढरा हात द्या. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा डिंक मिसळतात. पांढरा पत्रा ऊन परतवतो. अहमदाबाद महापालिकेने झोपडपट्ट्यांमधल्या पत्र्यांना पांढरा रंग देण्याचं काम याच कारणासाठी हाती घेतलं. चुना पावसात धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी होळीनंतर पुन्हा द्यायचा. आतून तुराट्यांचं किंवा बांबूच्या तट्ट्याचं छत बांधलं तर आणखी फरक पडतो.

कूलरची चिकचिक होते, कारण तुमची खोली बंद आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो. तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. पाणी भरताना पिन काढून ठेवायची, आणि प्लग तीन पिनचा, अर्थिंग असलेला हवा. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. हौदातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात.

खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावरचा पंखा आराम देत नाही, उलट अंग तापवतो. त्या वेळी वडिलांचे हातपाय, मान, छाती ओल्या पंचाने दर पंधरा-वीस मिनिटांनी पुसा आणि मग पंखा लावा. वाळणारं पाणी अंगातली उष्णता घेऊन जातं. लाईट गेली तर ओला पंचा आणि हातपंखा, तेच काम होतं.

आणि त्यांच्या पाठीखाली हात घालून बघा. गादी खराब होऊ नये म्हणून बहुतेक घरांत खाली रेक्झिन किंवा प्लास्टिक अंथरलेलं असतं. ते धग धरून ठेवतं, पाठ भिजलेली राहते आणि जखमा व्हायला तिथूनच सुरुवात होते. त्यावर जाड सुती चादरीच्या दोन घड्या टाका आणि दर दोन तासांनी कूस बदला. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होत असेल तर पाणी पाजताना बसतं करा. घाईने पाजलेलं पाणी छातीत जातं. दुपारी बारा ते पाच त्यांची खाट घरातल्या सर्वांत थंड जागी हलवा, मग ती ओसरी असली तरी चालेल.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करतात त्या जागी, एक माणूस कोसळला. कुणी कांदा हुंगवला, कुणी साखरपाणी पाजायला लागलं. एक जण थंड पाणी ओतायला निघाला तर बाकीच्यांनी अडवलं, ‘तापल्या अंगावर पाणी टाकलं तर सर्दगर्मी होते’ म्हणाले. क्रोसिनची गोळीही कुणीतरी आणली. यातलं बरोबर काय होतं?

उत्तर : ताई, पाणी ओतायला निघालेला तो एकटा माणूस बरोबर होता.

ऊन लागून आलेला थकवा वेगळा आणि उष्माघात वेगळा. दोन्हींत चक्कर, डोकेदुखी, मळमळ असू शकते. फरक ओळखायला यंत्र लागत नाही. माणसाला विचारा : नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता? नीट उत्तरं दिली तर सावलीत झोपवा, पाय थोडे वर करा, ओआरएस घोट घोट पाजा आणि नजर ठेवा. उत्तरं चुकली, तो बरळला, भांडायला लागला, झटके आले किंवा शुद्ध गेली, तर तो उष्माघात. आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, किडनी तापत असतात. घाम थांबला तरच उष्माघात, असं पुष्कळांना वाटतं. ते घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत बऱ्याचदा खरं असतं. कष्टाचं काम करताना कोसळलेला माणूस घामाने निथळतही असू शकतो, म्हणून घाम बघून धीर धरू नका.

उष्माघात वाटला की एकाने 108 ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग गार करायला लागायचं. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती उतरलं, यावर जीव वाचणं अवलंबून असतं. सावलीत घ्या, कपडे सैल करा किंवा काढा, आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता. हापशीचं, विहिरीचं, कसलंही. बादल्यांवर बादल्या. ओतता ओतता दोघांनी दुपट्ट्याने, पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. शेजारी गुरांचं टाकं असेल तर मानेपर्यंत त्यात बसवा, फक्त डोकं कुणीतरी सतत वर धरून ठेवायचं. माणूस कुडकुडला तरी थांबू नका. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागेपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत चालू ठेवा, आणि गाडीतही कपडे ओले, खिडक्या उघड्या.

सर्दगर्मीची भीती या वेळी बाजूला ठेवा. तापल्या अंगावर थंड पाणी हेच उष्माघाताचं पहिलं औषध आहे, मोठ्या हॉस्पिटलातही आम्ही तेच करतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, साखरपाणीही नाही आणि ओआरएसही नाही. ते श्वासनलिकेत जातं. झटके येत असतील तर एका कुशीवर वळवा. क्रोसिनने हा ताप उतरत नाही. जंतूंनी येणारा ताप वेगळ्या वाटेने चढतो, गोळी त्या वाटेवर काम करते. इथे ती यकृतावरचा भार वाढवते.

कांदा खिशात ठेवल्याने कुणाचं बिघडत नाही. पण कांदा आहे म्हणून दुपट्टा घरी ठेवून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. कांदा जेवणात खा आणि डोकं बांधा. ओआरएसची पाकिटं तुमच्याकडे असतीलच. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. पारा सहसा 36-37 च्या वर जात नाही. विदर्भासारखी काळजी आम्हालाही घ्यावी लागते का?

उत्तर : घ्यावीच लागते. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि तुमच्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. हवामान खात्यानेही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेची मर्यादा 37 अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, अशी ठेवली आहे. मैदानी भागाला ती 40 अंशांपासून लागू होते. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर 14 माणसं दगावली. त्या दिवशी त्या भागात पारा चाळिशीच्या खालीच होता. माणसं तासन् तास बसून होती आणि डोक्यावर सावली नव्हती. घरातल्या ज्येष्ठांना सभेला, लग्नाला, यात्रेला नेणार असाल तर आधी विचारा, मांडव आहे का, पाणी कुठे आहे, मध्येच उठून निघता येईल का. यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर त्यांना घरी राहू द्या.

प्रश्न : घराचं बांधकाम चालू आहे, चौदा-पंधरा मजूर आहेत. ठेकेदार म्हणतो, त्यांना उन्हाची सवय असते. मालक म्हणून मी काय बघावं?

उत्तर : सवय होते, पण ती व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि मध्ये खंड पडला की जाते. लग्नाला गावी जाऊन आलेला गवंडी, पहिल्यांदाच कामावर आलेला मुलगा, तापातून उठलेली बाई, यांना पहिले चार-पाच दिवस निम्मं काम आणि सावलीतलं काम द्या. उन्हात कोसळणाऱ्यांत नव्याने कामावर आलेले फार असतात.

कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि चार ते सात अशी ठरवा. काम ठेक्याने असेल तर मजूर स्वतः थांबणार नाही, कारण थांबला की पैसे बुडतात. म्हणून सुट्टीची वेळ तुम्ही जाहीर करा आणि त्या वेळेचे पैसे कापले जाणार नाहीत हे ठेकेदारासमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. पाण्याचा रांजण ते काम करतात तिथून वीस पावलांच्या आत, सावलीत. उन्हातल्या कामात दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं, आणि रांजण लांब असला की कुणी जात नाही.

बायका कामावर असतील तर आडोशाची मोरी बांधून द्या, पत्र्याची असली तरी चालेल. सोय नसली की त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, ताप आणि चक्कर घेऊन माझ्याकडे येतात. दर वर्षी येतात. पत्र्याच्या चार तुकड्यांत टळणारं हे दुखणं आहे.

प्रश्न : सासऱ्यांना इन्शुलिन चालू आहे. लग्नासाठी यवतमाळला चार दिवस जायचं आहे, तिथे फ्रिज नाही. इन्शुलिन खराब होईल का?

उत्तर : न उघडलेल्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्येच राहू द्या, 2 ते 8 अंशांत. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यावं लागतं. सोबत फक्त वापरात असलेली बाटली किंवा पेन घ्या. तिथे पोचल्यावर एक छोटं मडकं घ्या, ते ओल्या वाळूच्या परातीत ठेवा, भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत कोरडी ठेवा. सावलीत, वारा लागेल अशा जागी. वाळू दिवसातून दोनदा भिजवा. प्रवासात बाटली गाडीच्या डिक्कीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. फिकट, पाण्यासारखं दिसणारं इन्शुलिन गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर वापरू नका.

उन्हाळ्यात इन्शुलिन अंगात लवकर भिनतं आणि लग्नघरात जेवायला उशीर होतो, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते. सासरे घामाघूम झाले, गोंधळले, तर ‘ऊन लागलं’ म्हणून नुसतं झोपवू नका. ग्लुकोमीटर सोबत न्या आणि आधी बोट टोचून साखर बघा. 70 च्या खाली असेल आणि ते गिळू शकत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. खिशात साखरेची पुडी असू द्या, आणि ती कोणत्या खिशात आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.